तेल गरम झाल्याशिवाय मोजू नकोस

परवा इथल्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एका पोरानं मला गाठलं. आयटीतला आहे, स्टुटगार्टला येऊन चार वर्षं झाली, हातात चार पैसे खुळखुळायला लागलेत. म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं त्या जुन्या पोर्शे ९११ ची इंजिनं खोलताय, मला एक सांगा, आत्ताची फोक्सवॅगनची साधी गोल्फ गाडीसुद्धा सिग्नलवरून तिच्या बरोबरीनं सुटते, एसी धड नाही, खाली तेल गळतं, तरी लोक तिच्यात एवढे पैसे का ओततात? एअर-कूल्ड एअर-कूल्ड म्हणतात त्यात एवढं काय ठेवलंय? आणि घ्यायचीच झाली तर कुठली घेऊ?" माझ्या हातात ताट, वरणभात निवत चाललेला, काहीतरी अर्धवट बोललो आणि सटकलो. आता नीट लिहितो. लांबेल, चहा घेऊन बस.

सुरुवात चेतकपासून करू, कारण माझी स्वतःची सुरुवात तिथलीच. नाना पेठेत एका स्कूटरच्या गॅरेजात सुट्टीत हाताखाली काम करायचो, पाने पुसायचे, चहा आणायचा, मग हळूहळू हेड खोलायला मिळालं. बुलेट आणि चेतक दोन्ही एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या, पण बुलेटचं इंजिन समोर उघडं, गाडी पळाली की वारा आपोआप लागतो. चेतकचं इंजिन उजवीकडच्या पॅनलच्या आत कोंडलेलं, तिथं वारा कुठून येणार, म्हणून मॅग्नेटच्या चाकालाच पाती दिलेली आणि सिलेंडरवर एक झाकण, पात्यांनी फेकलेली हवा त्या झाकणातून बरोब्बर फिन्सवरून, म्हणजे सिलेंडरच्या उष्णता सोडणाऱ्या पातळ कडांवरून, जाते. एकदा एक गाडी आली, तिचं ते झाकण आधीच्या कुणीतरी "नुसतं खडखडतंय" म्हणून काढून फेकलेलं, कात्रजच्या चढाला पिस्टन जाम. आमचे उस्ताद म्हणाले, हवा पुष्कळ आहे रे, पण तिला रस्ता दाखवावा लागतो.

तर ९११ म्हणजे बुलेट नाही, ९११ म्हणजे चेतक. इंजिन गाडीच्या अगदी मागे, मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेलं, समोरचा वारा तिथं पोचतच नाही. सहा सिलेंडर, तीन डावीकडे आडवे, तीन उजवीकडे आडवे, आणि त्यांच्या डोक्यावर ११ पात्यांचा एक पंखा जो हवा ओढून खाली सहाही सिलेंडरच्या फिन्सवर ढकलतो. मागचं झाकण उघडलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो हाच. गाडी दुरून येताना जो खर्रर्र असा कोरडा, जरा कर्कश आवाज ऐकू येतो, ज्याच्यावर लोक मरतात, त्यातला निम्मा सायलेन्सरचा नाहीच, तो या पंख्याचा आहे. पाण्याच्या इंजिनाला सिलेंडरभोवती पाण्याचं जाकीट असतं, ते गोधडीसारखं आतला आवाज दाबून टाकतं. इथं गोधडीच नाही, सगळं उघडं, व्हॉल्व हलवणारे टॅपेट, चेन, पंखा, सगळं ऐकू येतं.

आणि गंमत बघ, जुन्या मॉडेलांत या पंख्याच्या पोटातच अल्टरनेटर बसवलाय, दोघांना मिळून एकच बेल्ट. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर माणूस म्हणतो जाऊ दे, घरापर्यंत जाईल. ९११ मध्ये तो दिवा लागला तर बेल्ट तुटलेला असू शकतो, म्हणजे पंखा बंद, म्हणजे हवा बंद. गाडी बाजूला घे आणि चावी फिरव, तिथल्या तिथे, पुढचा पंप येईपर्यंत सुद्धा नाही. बेल्ट ताणायची पद्धतही अशी की ज्यानं बसवली त्याला दाद द्यावीशी वाटते. पुलीच्या दोन अर्ध्या ताटल्या, मध्ये पातळ वायसर. बेल्ट सैल झाला की आतला एक वायसर काढायचा, ताटल्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि ताणला जातो. काढलेला वायसर फेकायचा नाही, त्याच नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायचा, पुढच्या वेळी लागतो. पंचवीस वर्षांत मी अशा कितीतरी पुल्या खोलल्या ज्यात वायसरच गायब, कुणीतरी आवरून ठेवताना कचऱ्यात टाकलेले.

पण खरं सांगू का, एअर-कूल्ड हे नाव अर्धंच खरं आहे. हे इंजिन हवेइतकंच तेलावर थंड होतं. साध्या गाडीत चार लिटर तेल, इथं पहिल्या मॉडेलांतच नऊच्या आसपास, पुढे त्याहून जास्त. आणि ते इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये साठत नाही, मागच्या उजव्या चाकाजवळ वेगळी टाकी आहे, एक पंप तेल टाकीतून इंजिनात देतो आणि दुसरा इंजिनातून ओढून टाकीत परत टाकतो. याला ड्राय संप म्हणतात, रेसिंगची पद्धत, वळणात तेल एका बाजूला पळालं तरी पंप कोरडा पडत नाही.

आता यावरून माझी फजिती. जर्मनीत आल्यावर पहिलंच वर्ष, लुडविग्सबुर्गकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. सकाळी थंड गाडीची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली तर कोरडी ठणठणीत. म्हटलं बापरे, तेलच नाही, आणि शहाण्यासारखे दोन लिटर ओतले. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि तासाभरात परत आलं, मागे निळ्या धुराचा लोट. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपून खाली इंजिनात उतरतं, त्यामुळे थंड गाडीची डिपस्टिक काहीच दाखवत नाही. तेल बघायचं ते इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून. मी ओतलेलं जास्तीचं तेल श्वासनळीच्या पाइपातून थेट एअर फिल्टरच्या डब्यात आणि तिथून सिलेंडरमध्ये. मालकानं आवाज चढवला नाही, फक्त चिंध्या आणि बादली माझ्यापुढे आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत डबा पुसत बसलो होतो. तेव्हापासून कुणालाही पहिली गोष्ट हीच सांगतो.

आता हे असं उलटं इंजिन आलं कुठून. फर्डिनांड पोर्शेंनी फोक्सवॅगनसाठी जी बीटल काढली तिचं इंजिन मागे, चार सिलेंडर आडवे, हवेवर थंड. स्वस्त, हलकं, रेडिएटर नाही, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठून ब्लॉक फुटायची भीती नाही आणि उन्हाळ्यात उकळायची नाही. युद्धानंतर त्यांचा मुलगा फेरी पोर्शे ऑस्ट्रियात ग्म्युंडला एका जुन्या लाकूड कापायच्या गिरणीत बसला होता, तिथं १९४८ मध्ये बीटलचेच भाग घेऊन पहिली पोर्शे ३५६ बनली. तिथल्या कूपेंना हातानं ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, अशा पन्नासच्या आसपास गाड्या झाल्या. १९५० ला ते स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेनला परत आले आणि ३५६ चालली ती थेट १९६५ पर्यंत, ७६ हजारांच्या आसपास. पण चार सिलेंडरचं ते इंजिन पिळून पिळून किती पिळणार.

म्हणून सहा सिलेंडर. सप्टेंबर १९६३ ला फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी दाखवली, नाव ९०१. आकार फेरींच्या मुलाचा, फर्डिनांड अलेक्झांडर, घरात बुत्झी म्हणायचे. इंजिन १९९१ सीसी, १३० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), त्याच्यावर काम करणाऱ्यांत हान्स मेट्सगर होते जे पुढे पोर्शेच्या रेसिंग इंजिनांचे जवळजवळ दैवत झाले, आणि फेरींचा भाचा फर्डिनांड पिएख. मग प्युजोनं हरकत घेतली, मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर फ्रान्समध्ये आमचे. शून्याच्या जागी एक घातला, झाली ९११. पण पार्ट नंबर कोण बदलत बसणार! मी आजही जुन्या गाडीसाठी ९०१ नं सुरू होणारे पार्ट मागवतो. त्या ९०१ नावाच्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी एक, ५७ नंबरची, २०१४ मध्ये गंजून चाळण झालेल्या अवस्थेत सापडली, कंपनीनं स्वतः विकत घेतली आणि तीन वर्षं खपून उभी केली. झुफेनहाउझेनच्या म्युझियममध्ये २०१७ च्या शेवटी ती मांडली तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. बायको म्हणाली, रोज तेच बघता तरी पोट भरत नाही का.

बरं, इंजिन मागे लटकवल्याचे चटके लगेच बसले. वजनाचा साठ टक्क्यांच्या जवळपास भाग मागे. सरळ रस्त्यावर मजा, चढाला तर विचारू नकोस, चाकं जमिनीला चिकटून ढकलतात. पण वळणात मध्येच घाबरून ॲक्सेलरेटरवरून पाय काढलास की मागचं वजन हातोड्यासारखं बाहेर फिरतं आणि गाडीचं तोंड तू आलास त्या दिशेला. कंपनीनं सुरुवातीला काय केलं माहितीये? पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोची वजनं लपवली. म्हणजे आपल्याकडे रिकामा टेम्पो उडतो म्हणून हौद्यात वाळूचं पोतं टाकतात ना, तेच, फक्त जर्मन. नीट इलाज १९६९ च्या मॉडेलला झाला, मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२११ चं २२६८ झालं. इंजिन हललं नाही, चाकं हलली. मला विचारशील तर या गाडीची सगळी गोष्ट या ५७ मिलिमीटरमध्ये आहे. मांडणी चुकीची आहे हे यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं, दुसऱ्या कुणीही इंजिन उचलून पुढे नाहीतर मध्ये आणलं असतं, आणि हे आजतागायत तीच मांडणी ठेवून बाकी सगळं तिच्याभोवती फिरवत बसलेत. मी एकेका वर्षाची गाडी उघडतो तेव्हा त्या हट्टाचे थर दिसतात, जुन्या वाड्याच्या भिंतीला रंगाचे थर दिसतात तसे.

काही थर विनोदी आहेत. १९७२ ला वजन जरा पुढे यावं म्हणून तेलाची टाकी चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायला उजव्या बाजूला बाहेरून एक छोटं झाकण दिलं. दिसायला हुबेहूब पेट्रोलचं झाकण. पंपावरची पोरं त्यात पेट्रोल ओतायला लागली. एका वर्षात झाकण बंद, टाकी परत जुन्या जागी. आज तीच एका वर्षाची झाकणवाली गाडी लोक शोधत फिरतात.

कीर्ती मिळाली ती शर्यतीत, त्यातही रॅलीत. जानेवारी १९६५ मध्ये हर्बर्ट लिंगे आणि पेटर फाल्क मोंटे कार्लोला पाचवे आले, १९६८ ला विक एल्फर्डनं ती जिंकलीच. बर्फात मागचं वजन उपयोगी पडतं. १९७२ च्या शेवटी कारेरा आरएस २.७ आली, २१० पीएस, मागे बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला पत्रा, शर्यतीच्या नियमांसाठी ५०० विकायच्या होत्या आणि विक्रीवाल्यांना त्याही खपतील का अशी धास्ती, झाल्या १५८०. तिच्याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलंय की मी काही बोलत नाही, शिवाय खरी कमी आणि साध्या गाडीला शेपटी लावून आरएस म्हणून मिरवणाऱ्याच जास्त भेटतात.

मी जास्त बोलणार ते त्याच्या नंतरच्या, १९७४ ते ७७ च्या साध्या २.७ लिटरच्या ९११ बद्दल, कारण माझं घर त्या इंजिनांवर चाललंय. झालं असं की १९६८ पासून वजन वाचवायला इंजिनाचं मुख्य केसिंग मॅग्नेशियमचं केलेलं. दोन लिटरला ते पुरलं. मग त्याच केसिंगवर मोठे सिलेंडर, जास्त ताकद, म्हणजे जास्त उष्णता. प्रत्येक सिलेंडर आणि हेड केसिंगवर आवळून धरायला चार लांब स्टड, म्हणजे आटे पाडलेले दांडे. गरम झालं की मॅग्नेशियम फुगतं आणि मऊ पडतं, स्टड तेवढा लांबत नाही, आणि शेवटी आटे जातात, अख्खा स्टड मुळासकट वर येतो. त्यात अमेरिकेच्या धुराच्या नियमांसाठी तिकडच्या गाड्यांना एक्झॉस्टमध्ये उरलेला धूर तिथंच जाळणारे थर्मल रिॲक्टर लावले, म्हणजे हेडखाली शेगडीच. अशी इंजिनं मी खोलतो तेव्हा नट सोडवायला पाना लावला की हाताला कळतं. चांगला स्टड कट्ट करून सुटतो, आटे गेलेला नुसता फिरतो, साबणात फिरवल्यासारखा. मग केसिंगला नवे, मोठे पोलादी आटे बसवायचे, चोवीसच्या चोवीस ठिकाणी, एकही सोडायचा नाही. १९७८ ची ९११ एससी आली ती ॲल्युमिनियमच्या केसिंगची, तीन लिटरची, आणि ती दुखणी बहुतेक संपली. बहुतेक म्हणतो, कारण एससीला खालच्या बाजूला खास मिश्रधातूचे स्टड दिलेत, ते फुगायला बरोबर पण गंजून मधूनच तुटतात. खालचं टॅपेट कव्हर काढलं आणि त्यात एक नट सुटा पडलेला मिळाला की समजायचं, वरचा चहा गार झाला, आता दोन महिने गाडी इथंच.

गंमत म्हणजे ही गाडी तेव्हाच मरणार होती. १९७७ ला पुढे इंजिन, व्ही-८, पाण्यावर थंड अशी ९२८ आली, युरोपात कार ऑफ द इयर झाली, ती ९११ ची जागा घेणार असं ठरलेलं. १९८१ ला पीटर शुट्झ नावाचा माणूस प्रमुख म्हणून आला. सांगतात की मुख्य इंजिनियर हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता, त्यात बाकीच्या मॉडेलांच्या रेघा पुढे जात होत्या आणि ९११ ची १९८१ च्या शेवटी थांबत होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर भिंतीवर ओढत नेली. झुफेनहाउझेनला हा किस्सा आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या पेटाऱ्याचा सांगतात तसा सांगतात.

पुढचं पटापट. १९८४ ला ३.२ लिटरची कारेरा, २३१ पीएस, चेन ताणायच्या टेन्शनरला तेलाचा दाब दिला म्हणून टेन्शनर निकामी व्हायचं जुनं दुखणं गेलं. १९८९ ला ९११ चीच पुढची पिढी ९६४, ३.६ लिटर, सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ घेणाऱ्या सळया) जाऊन स्प्रिंगा आल्या, एबीएस, पॉवर स्टिअरिंग. मग ९९३, तिचं मागचं सस्पेन्शन इतकं चांगलं की शेवटी एकदाची ती वळणात पाय काढल्यावर घाबरवायची थांबली. आणि ३१ मार्च १९९८ ला शेवटची हवेवरची ९११ बाहेर पडली. का संपली, तर एका हेडला दोनऐवजी चार व्हॉल्व द्यायचे तर मधली जागा इतकी अरुंद होते की तिथली उष्णता हवेनं निघत नाही. कंपनीला हे आधीच माहीत होतं, त्यांच्याच ९५९ या गाडीला त्यांनी सिलेंडर हवेवर आणि हेड पाण्यावर ठेवलेलं. चार व्हॉल्व नाहीत तर धुराचे नियम पाळून ताकद नाही, आणि आवाजाचे नियम तर त्या पंख्याच्या मुळावरच आलेले.

मग आकर्षण काय, हा तुझा खरा प्रश्न. कुणी आकार म्हणेल, कुणी गुंतवणूक म्हणेल, गुंतवणूकवाल्यांची गाडी मला मुळीच आवडत नाही, उभी राहून सील सुकतात आणि मग गळते. माझं सांगतो. आत बसलास की पाच गोल घड्याळं, मधलं मोठं आरपीएमचं, वेगाचं बाजूला. चावी स्टिअरिंगच्या डावीकडे. पेडल वरून लटकत नाहीत, जमिनीतून उगवतात, जुन्या अँबेसिडरसारखे. काचेतून पुढचे दोन्ही मडगार्ड दिसतात, सुरुवातीची गाडी एक मीटर ६१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे कुठं संपते ते डोळ्यांना कळतं. हीटरची गरम हवा एक्झॉस्टला गुंडाळलेल्या डब्यांतून येते, त्यामुळे हिवाळ्यात पायाशी ऊब आणि तिच्याबरोबर गरम तेलाचा किंचित वास. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा टक् आवाज. आणि तेलाच्या तापमानाचा काटा. तो हलेपर्यंत तू दाबायचं नाहीस, आणि तो हलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ तू हळू चालवतोस आणि ऐकत बसतोस. आत्ताच्या गाड्यांना तू कसा आहेस त्याचं काही पडलेलं नसतं. हिला तुझी पहिली पंधरा मिनिटं लागतात.

कुठली घेऊ, तर पहिल्यांदा घेणाऱ्याला मी ३.२ सांगतो, जमलं तर १९८७ नंतरची, तिचा गिअरबॉक्स बदललेला आणि क्लच हायड्रॉलिक आहे. बजेट कमी असेल तर चांगली एससी. २.७ घ्यायची तर स्टडचं काम झाल्याची बिलं हातात असतील तरच. रंगाकडे बघू नकोस, रंग कुणीही मारतो. खालून बघ. १९७६ च्या मॉडेलपासून पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्त आहे, त्याच्या आधीच्या गाड्या शेणाच्या गोवरीसारख्या आतून पोकळ असतात, दाराखालचे सिल, पुढची बॅटरीची जागा, मागचे टॉर्शन बारचे कोपरे, बोटानं दाब, स्क्रू ड्रायव्हरनं टोच, मालक रागावला तर घेऊच नकोस. थोडं तेल गळणार, त्याला घाबरू नकोस. लीक-डाउन टेस्टशिवाय (सिलेंडरात हवा भरून किती गळते ते बघतात) पैसे देऊ नकोस, इंजिन पूर्ण बांधायचं तर पाच आकडी युरो जातात. आणि टॅपेट जरा टकटकत असतील तर ते चांगलं लक्षण आहे, गॅप ०.१० मिलिमीटर ठेवायचा असतो, बारा व्हॉल्व, थंड इंजिनावर. एकदम शांत टॅपेट म्हणजे गॅप संपलाय, एक्झॉस्ट व्हॉल्व नीट बसत नाही आणि जळतोय. सगळ्या ३.२ तीस वर्षांच्या पुढे गेल्यात, म्हणजे जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची एच नंबर प्लेट मिळते आणि वर्षाचा टॅक्स सरसकट ठरावीकच बसतो.

शनिवारी सकाळी वर्कशॉपला ये. १९८१ ची एक एससी लिफ्टवर आहे, थंड स्टार्टला डावीकडून फुसफुस करतेय. खालचं कव्हर अजून काढलं नाहीये, ते तू काढ, खाली ट्रे धर, नट पडतो का बघू. जुने कपडे घालून ये, आणि येताना घरची चकली शिल्लक असेल तर आण.